एका अर्जासोबत अनेक कागदपत्रे : संगणकीय अर्ज अडतो कोठे?

बंगळूरच्या जुन्या शहरात दोड्डपेठ आणि चिक्कपेठ हे दोन रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, तेथून केंपेगौडाने इ. स. १५३७ च्या सुमारास चार दिशांना चार बैलजोड्या सोडून नगराची आखणी केली, अशी आख्यायिका सांगितली जाते. कन्नड भाषेत ‘दोड्ड’ म्हणजे मोठे आणि ‘चिक्क’ म्हणजे लहान. मोठी पेठ पुढे ॲव्हेन्यू रोड झाली. लहान पेठेने मात्र आपले नाव राखले आणि जून २०१७ पासून भुयारी मेट्रोच्या स्थानकावरही तेच नाव झळकू लागले. मराठी माणसाला ही पेठ परकी नाही. १६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि त्याची जहागीर शहाजीराजांकडे गेली, तेव्हापासून येथे मराठी बोलणारी घराणी नांदत आहेत. शिंपी व रंगारी व्यवसायातील भावसार क्षत्रिय कुटुंबे या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी भागातून निघून देशभर पसरलेले सोने-चांदीचे गलाई व्यावसायिक बंगळूरच्या सराफी गल्ल्यांतूनही आढळतात.

अशा पेठेतील व्यापारी आणि बँक यांचा संबंध जुना. पूर्वी मुनीमजी कापडी बस्त्यात वह्या बांधून शाखेत येत. आता तोच बस्ता फाइलींच्या रूपाने संकेतस्थळावरील अर्जाला जोडावयाचा असतो. एक फाइल जोडणे सोपे आहे. चौदा, वीस, पंचवीस फाइली जोडताना अर्ज अडतो. अडला की ग्राहक म्हणतो, ‘‘साहेब, मी तर सगळे पाठविले’’ आणि शाखेतील अधिकारी म्हणतो, ‘‘शेठ, आमच्याकडे एकच कागद आला आहे’’. दोघेही खरेच बोलत असतात. या दोन खऱ्यांच्या मधल्या जागेत काय घडते, ते पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही

समजा, चिकपेटेतील साड्यांच्या एका घाऊक व्यापाऱ्याची कॅश क्रेडिट मर्यादा नूतनीकरणास आली आहे. त्याला पॅन कार्ड, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, बारा महिन्यांची विवरणपत्रे, दोन वर्षांचे ताळेबंद, प्राप्तिकर विवरणे, दुकानाचा भाडेकरार, बेस्कॉमचे वीजबिल, मालाच्या विम्याची पॉलिसी, येणे असलेल्या रकमांची यादी आणि शिल्लक मालाचे विवरण, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट, असे सर्व एकाच अर्जासोबत पाठवावयाचे आहे.

यांतील शेवटचा कागद हरवला तर काय होते? रिझर्व्ह बँकेच्या उत्पन्न-मान्यता व मालमत्ता-वर्गीकरणाच्या निकषांनुसार, तीन महिन्यांहून जुन्या स्टॉक स्टेटमेंटच्या आधारे काढलेल्या आहरण क्षमतेवर खात्यात जी बाकी उभी असते, ती अनियमित समजली जाते. अशी अनियमितता सलग ९० दिवस राहिली, तर खाते अनुत्पादक ठरते. मर्यादेचे नूतनीकरण देय तारखेपासून १८० दिवसांत न झाल्यासही तोच परिणाम होतो. दुकानात गिऱ्हाईक आहे, माल आहे, हप्त्याची नियतही आहे. आणि तरीही एक फाइल वाटेत गळाली व ती गळाल्याचे कोणाच्याही ध्यानात आले नाही, तर खात्याची पत धोक्यात येऊ शकते. म्हणून ‘सर्व्हर डाउन असेल, उद्या पाहू’ एवढ्यावर हा विषय सोडता येत नाही.

फाइल जाते कशी?

संकेतस्थळावरील अर्जातून फाइल पाठविण्याची सोय आरंभापासून नव्हती. झेरॉक्स कंपनीतील अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये तिची रीत मांडली आणि मूलतः तीच रीत आजही चालते. चिकपेटेतील व्यापाऱ्यास ती समजावून सांगणे अवघड नाही. सुरतेहून माल येतो तेव्हा एकाच ट्रकमध्ये अनेक गाठी असतात. प्रत्येक गाठीवर मार्का असतो आणि दोन गाठींच्या मध्ये कोठे एक संपते व दुसरी सुरू होते, हे स्पष्ट दिसते. ब्राउझर हेच करतो. अर्जातील नाव, पत्ता, खाते क्रमांक आणि सर्व फाइली तो एकाच लांबलचक संदेशात भरतो; प्रत्येक भागाच्या मध्ये एक खुणेची ओळ घालतो; प्रत्येक भागावर रकान्याचे नाव आणि फाइलीचे नाव लिहितो. पलीकडचा सर्व्हर खुणेच्या ओळी पाहून गाठी वेगळ्या करतो.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, फाइली आपल्याला अलग दिसत असल्या तरी प्रवासात त्या एकाच गाडीत असतात. सोबत अर्जाचे नाव-गावही त्याच गाडीत असते. बहुतेक तक्रारींचे मूळ येथे सापडते.

‘सर्व रकाने भरा’ असे उत्तर का येते?

सर्वांत चक्रावून टाकणारी तक्रार हीच. व्यापाऱ्याने पूर्ण अर्ज भरला, चौदा फाइली निवडल्या, प्रत्येक फाइल दिलेल्या मर्यादेच्या आत होती. बटण दाबले आणि उत्तर आले की नाव भरलेले नाही, खाते क्रमांक भरलेला नाही, एकही कागद जोडलेला नाही. मनुष्य स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊ लागतो.

याचे कारण दोन मर्यादांत आहे. पीएचपी ही संकेतस्थळे तयार करण्याची अतिशय प्रचलित प्रणाली घेऊ. तिच्या मूळ मांडणीत एका फाइलीची मर्यादा २ एमबी असते, तर संपूर्ण संदेशाची मर्यादा ८ एमबी असते. चौदा फाइली प्रत्येकी ०.९ एमबीच्या असल्या, तर प्रत्येक फाइल नियमात बसते. पण बेरीज १२.६ एमबी होते. बेरीज मर्यादेबाहेर गेली की ही प्रणाली जादा फाइल तेवढी बाजूला काढीत नाही. ती पूर्ण गाडीच रिकामी समजते. नाव-गाव त्याच गाडीत असल्यामुळे तेही नाहीसे होते. मग अर्ज तपासणारा भाग आपल्या समजुतीने प्रामाणिकपणे सांगतो की रकाने रिकामे आहेत.

म्हणून ‘पूर्ण भरलेला अर्ज कोरा ठरला’ असे लक्षण दिसले, तर फाइलींच्या आकाराची बेरीज करावी. संगणकावर सर्व फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून त्या एकत्र निवडल्या आणि गुणधर्म पाहिले की बेरीज तयार मिळते. अर्जाच्या सूचनांत बहुधा प्रत्येक फाइलीचीच मर्यादा लिहिलेली असते. एकूण मर्यादा लिहिण्याचे राहून जाते. हा दोष ग्राहकाचा नव्हे. आपल्या शाखेच्या पाहण्यात असा अर्ज आला, तर संगणक विभागास कळविताना ‘एकूण मर्यादाही छापावी’ अशी स्पष्ट सूचना करणे अगत्याचे आहे.

याच जातीची आणखी एक अडचण दारावरच्या पहारेकऱ्याची. पुष्कळ ठिकाणी मुख्य सर्व्हरच्या पुढे दुसरा एक सर्व्हर उभा असतो. एनजिनएक्स या नावाच्या अशा सर्व्हरची मूळ मर्यादा अवघी १ एमबी असते. आतल्या प्रणालीची मर्यादा वाढवूनही पहारेकऱ्याची वाढवावयाची राहिली, तर संदेश आत पोहोचतच नाही आणि पडद्यावर ४१३ हा आकडा दिसतो. हा आकडा दिसल्यास पुन्हा पुन्हा बटण दाबून उपयोग नाही. संदेश जड झाला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

विसाव्या फाइलीनंतर

पीएचपी प्रणालीत तिसरीही एक मर्यादा आहे, आणि ती अधिक घातक. कारण ती ग्राहकास दिसेल असे काही बोलत नाही. एका वेळी किती फाइली स्वीकारावयाच्या, याची मूळ संख्या २० ठरलेली असते. एकविसावी आणि तिच्या पुढच्या फाइली सर्व्हर सोडून देतो. सूचना नोंदली गेलीच तर ती सर्व्हरच्या रोजनाम्यात, ग्राहकाच्या पडद्यावर नव्हे. आता वरील व्यापाऱ्याने बारा महिन्यांची बारा विवरणपत्रे अलग अलग जोडली आणि इतर कागद चौदा झाले, तर एकूण सव्वीस. क्रमात शेवटचे सहा गळाले. स्टॉक स्टेटमेंट शेवटी तयार होते, म्हणून ते पुष्कळदा शेवटीच जोडले जाते. अर्ज ‘यशस्वी’ झाला; पोचही आली; आणि नेमका तोच कागद आला नाही.

यावर ग्राहकाच्या हाती असलेला उपाय साधा आहे. एका जातीचे कागद एका पीडीएफमध्ये क्रमाने जोडावेत : बारा विवरणपत्रांची एक फाइल, दोन ताळेबंदांची एक फाइल. सव्वीस फाइलींच्या दहा होतात. एवढेच पाहावे की जोडून तयार झालेली फाइल एका फाइलीच्या मर्यादेत राहते.

फक्त शेवटचीच फाइल पोहोचली

ही तक्रार तीन निरनिराळ्या कारणांनी उद्भवते आणि तिन्ही वेगळी ओळखता येतात.

पहिले कारण निवडण्याच्या रीतीत आहे. ‘फाइल निवडा’ हे बटण दाबून एका फोल्डरमधील चार फाइली घेतल्या; मग तेच बटण पुन्हा दाबून दुसऱ्या फोल्डरमधील एक घेतली. आपली समजूत अशी की पाच झाल्या. सामान्य ब्राउझरमध्ये दुसरी निवड पहिल्या निवडीत मिळविली जात नाही. ती पहिलीची जागा घेते. हाती राहते एकच. बटणाशेजारी निवडलेल्या फाइलींची संख्या दिसते, तिकडे पाहण्याची सवय ठेवली तर ही चूक जागच्या जागी कळते. सर्व फाइली आधीच एका फोल्डरमध्ये आणाव्यात आणि कंट्रोलची कळ दाबून ठेवून एकाच वेळी निवडाव्यात. मोबाइलवर पहिल्या फाइलीवर बोट क्षणभर दाबून धरले की पुढच्या निवडता येतात.

दुसरे कारण अर्ज रचणाऱ्याचे. अनेक फाइली घेणाऱ्या रकान्याच्या नावापुढे पीएचपी प्रणालीत चौकोनी कंसांची जोडी लिहावी लागते. ती राहिली तर प्रणालीच्या लेखी सर्व फाइलींचे नाव एकच, आणि एका नावाखाली एकच नोंद. प्रत्येक नवी फाइल आधीचीला पुसते व शेवटची उरते. वहीत एकाच ओळीवर खोडून पुन्हा लिहावे, तसा हा प्रकार. ग्राहकाने कितीही काळजी घेतली तरी हा दोष त्याच्याकडून दूर होणारा नाही. ओळखण्याची खूण अशी : फाइली निवडताना संख्या बरोबर दिसते, प्रत्येक वेळी शेवटचीच पोहोचते, आणि हे सर्व ग्राहकांच्या बाबतीत घडते.

तिसरे कारण नावांच्या सारखेपणाचे. काही फोनच्या कॅमेऱ्यातून थेट अर्जात घेतलेल्या सर्व छायाचित्रांना एकच नाव मिळते. दुकानातील स्कॅनरही दर दिवशी ‘स्कॅन १’ पासून आरंभ करतो. सर्व्हरने फाइली मूळ नावानेच ठेवल्या, तर एक दुसरीवर बसते. चांगली प्रणाली प्रत्येक फाइलीस स्वतःचा स्वतंत्र क्रमांक देते. तरीही आपण नाव अर्थपूर्ण ठेवावे, हे शाखेतील अधिकाऱ्याच्याही सोयीचे असते. नावात मराठी किंवा कन्नड अक्षरे, उद्गारचिन्हे, तिरप्या रेषा नसाव्यात. जुन्या प्रणालींना ती पचत नाहीत. भाषाभिमान अर्जाच्या मजकुरात दाखवावा, फाइलीच्या नावात इंग्रजी अक्षरे व अंक एवढेच असावेत.

पाटी बदलली, माल तोच

‘अमान्य प्रकार’ असे उत्तर आले की पुष्कळ जण फाइलीच्या नावाचे शेपूट बदलून पाहतात. आयफोनमधील छायाचित्राच्या नावापुढे ‘जेपीजी’ लिहितात. चिकपेटेतील साडीवर रेशमाची पाटी लावली म्हणून सूत रेशीम होत नाही, हे येथे कोणास सांगावे लागत नाही. शुद्ध रेशमाची ओळख पटावी म्हणून २००४ पासून ‘सिल्क मार्क’ आहे. आणि जुने व्यापारी तर धागा जाळून वास घेतात, जळक्या केसाचा वास आला की रेशीम. सर्व्हरही नावावर विश्वास न ठेवता धागा जाळून पाहतो, म्हणजे फाइलीच्या आरंभीची काही अक्षरे वाचतो. खऱ्या पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही तीन अक्षरे असतात. जेपीजीची स्वतःची ठरावीक खूण असते. खूण जुळली नाही, तर नाव काहीही असो, फाइल परत येते.

आयफोनमध्ये २०१७ पासून छायाचित्रे एचईआयसी या निराळ्या प्रकारात साठविली जातात. सेटिंग्जमधील कॅमेरा या सदरात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडला, की पुढची छायाचित्रे जेपीजी प्रकारात मिळतात. विंडोज संगणकावर नावाचे शेपूट बहुधा लपविलेले असते; त्यामुळे ‘जेपीजी’ हे दोनदा लागण्याचाही प्रकार घडतो, आणि काही प्रणाली दोन शेपटांच्या फाइली संशयास्पद म्हणून नाकारतात. ते संशय घेणे योग्यच आहे.

स्कॅन करताना

फाइली जड होतात त्या मुख्यतः स्कॅनरच्या चुकीच्या मांडणीमुळे. हिशेब करून पाहू. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचास ३०० ठिपके घेऊन, रंगीत स्कॅन केला, तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात; प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट धरल्यास, आवळण्यापूर्वी, २६ एमबी. तोच कागद १५० डीपीआयवर करड्या छटांत घेतला तर ठिपके एक चतुर्थांश आणि प्रत्येकास एकच बाइट. एकूण बारावा हिस्सा, म्हणजे २.२ एमबीच्या आसपास. आवळल्यावर दोन्ही आकडे पुष्कळच खाली येतात, पण त्यांच्यातील अंतर राहतेच.

मग सर्व काही कमीत कमी ठेवावे काय? तसेही नव्हे. सनदी लेखापालाने प्रमाणित केलेल्या ताळेबंदावर आता यूडीआयएन हा १८ आकडी क्रमांक असतो आणि बँक तो सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहते. अस्पष्ट प्रतीत ३ आणि ८ एकसारखे दिसले तर पडताळणी अडते व कागद परत येतो. माझ्या मते छापील कागदांसाठी २०० डीपीआय आणि करड्या छटा हा मध्यम मार्ग ठीक. भाडेकरारावरील फिकट शिक्के असतील तर तेवढेच पान रंगीत घ्यावे. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून मागविलेली प्रत मात्र वापरू नये; वाटेत ती आवळली जाते आणि बारीक अक्षरे विरतात. मागवावयाचीच झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी.

आकाराची मर्यादा केवळ वरचीच असते असेही नाही. बँकांच्या भरतीपरीक्षांसाठी आयबीपीएसचे अर्ज आपल्या मुलामुलींनी भरलेले असतील. तेथे छायाचित्र २० ते ५० केबी, स्वाक्षरी १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी आणि हस्तलिखित प्रतिज्ञापत्र ५० ते १०० केबी असे दोन्हीकडून बंधन आढळते. फाइल अति आवळली, तर तीही नाकारली जाते. त्यामुळे ‘लहान केली तरी घेत नाही’ ही तक्रार ऐकल्यास किमान मर्यादा आधी पाहावी.

आवळण्यासाठी संकेतस्थळे धुंडाळण्याची आता सवय झाली आहे. पॅन, आधार, ताळेबंद अशी कागदपत्रे अनोळखी संकेतस्थळावर चढविणे म्हणजे दुकानाची किल्ली रस्त्यावरच्या अपरिचिताकडे ठेवावयास देणे. स्कॅनरमध्येच मांडणी बदलून पुन्हा स्कॅन करावे. दोन मिनिटे अधिक लागतील. जेथे आधारचा पूर्ण क्रमांक आवश्यक नाही, तेथे शेवटचे चारच अंक दाखविणारी आच्छादित प्रत पुरते, ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घेता येते.

कुलूपबंद फाइली

ई-आधार आणि बँकेचे खातेउतारे सांकेतिक शब्दाने बंद असतात. फाइल निर्विघ्न पोहोचते, पण शाखेत ती उघडत नाही. अर्ज ‘कागद वाचता येत नाही’ म्हणून परत येतो आणि तोवर चार दिवस निघून जातात. फाइल सांकेतिक शब्द देऊन उघडावी आणि छपाईच्या पर्यायातून नव्या पीडीएफच्या रूपाने साठवावी, म्हणजे कुलूप निघते. परंतु असे करताना फाइलीवरील अंकीय स्वाक्षरी नष्ट होते. जेथे स्वाक्षरीयुक्त मूळ प्रत मागितली असेल, तेथे मूळ फाइलच द्यावी आणि सांकेतिक शब्दासाठी अर्जात दिलेल्या रकान्यातच तो लिहावा. दूरध्वनीवर कोणी हा शब्द विचारला तर सांगू नये.

वेळेचे गणित

जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलीचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटचे आठ बिट होतात. शिवाय जाहिरातीतला वेग बहुधा माल उतरविण्याचा असतो, चढविण्याचा पुष्कळदा त्याहून बराच कमी. चढविण्याचा वेग सेकंदास १ मेगाबिट असेल, तर १२ एमबीच्या संदेशास किमान ९६ सेकंद लागतात. सर्व्हरने साठ सेकंदांची मुदत ठेवली असेल, तर हा संदेश कधीच पूर्ण पोहोचणार नाही. दाट बांधकामाच्या गल्लीत तळमजल्यावरील दुकानात मोबाइलची जोडणी क्षीण असेल, तर हेच काम रात्री घरून करणे इष्ट.

दुसरी मुदत सत्राची. काही वेळ हालचाल झाली नाही की संकेतस्थळ आपणांस बाहेर काढते. प्रचलित प्रणालींत ही मुदत मुळात वीस ते चोवीस मिनिटांची असते आणि बँका सुरक्षिततेसाठी ती आणखी कमी ठेवतात. अर्ध्या अर्जावर विमा पॉलिसी शोधावयास कपाट उघडले, की परत येईतो सत्र संपलेले असते. त्याहून त्रासदायक असे की, अर्जात एखादी चूक निघून तो परत आला, तर नाव-गाव पुन्हा भरलेले दिसते पण फाइली मात्र पुन्हा निवडाव्या लागतात. यात हेतू आहे : कोणत्याही संकेतस्थळास आपल्या संगणकातील फाइल आपण होऊन उचलता येऊ नये, म्हणून ब्राउझरने ती मोकळीक ठेवलेलीच नाही. अर्ज दुसऱ्यांदा पाठविताना हे विसरले, की कागदांविना अर्ज जातो.

प्रगतीची पट्टी शंभर टक्के भरली म्हणजे काम झाले, असेही समजू नये. ब्राउझरने सर्व अक्षरे रवाना केली, एवढेच ती सांगते. त्यानंतर सर्व्हर फाइली तपासतो, विषाणूंसाठी चाळतो, साठवितो. या वेळी अधीर होऊन बटण पुन्हा दाबल्यास पहिला संदेश तुटण्याचा किंवा अर्ज दोनदा नोंदला जाण्याचा संभव असतो. पोच क्रमांक पडद्यावर येईपर्यंत खिडकी बंद करू नये.

शाखेतील मंडळींसाठी

‘पुन्हा प्रयत्न करा’ हे उत्तर देणे सोपे असते, परंतु वर पाहिलेल्या कारणांपैकी बहुतेकांत पुन्हा केलेला प्रयत्न तसाच फसतो. त्याऐवजी ग्राहकाकडून चार गोष्टी विचारून घ्याव्यात : पडद्यावर आलेला नेमका मजकूर किंवा आकडा, किती फाइली व एकूण आकार किती, संगणक की मोबाइल, आणि प्रयत्नाची वेळ. मजकुराचे छायाचित्र मिळाल्यास उत्तम. त्यात खाते क्रमांक दिसत असेल तर तो झाकून घ्यावा. वेळ महत्त्वाची अशासाठी की, सर्व्हरच्या रोजनाम्यात त्याच मिनिटाची नोंद शोधून काढता येते. मग ग्राहकाकडून एकच लहान फाइल पाठवून पाहावी. ती गेली तर जोडणी व सत्र ठीक आहेत. दोन लहान फाइली पाठवाव्यात. एकच पोहोचली तर दोष रकान्याच्या रचनेत किंवा नावात. दोन्ही पोहोचल्या तर मग आकारमानाकडे वळावे. पाच मिनिटांत निदान होते आणि संगणक विभागाकडे जाणारी तक्रारही नेमकी होते.

अर्ज रचणाऱ्यांकडून दोन सुधारणा मागण्याजोग्या आहेत. एक, प्रत्येक कागद निवडताच तो स्वतंत्रपणे चढावा, म्हणजे एकाच गाडीवर सर्व भार पडणार नाही. दोन, पोचपावतीवर नुसता क्रमांक नसावा. पोहोचलेल्या प्रत्येक फाइलीचे नाव व आकार छापलेला असावा. ट्रान्स्पोर्टची बिल्टी गाठींची संख्या लिहिल्यावाचून कोणी स्वीकारीत नाही.

शेवटची तारीख आली आणि अर्ज काही केल्या जात नाही, असे झाल्यास ग्राहकाने त्याच दिवशी, व्यवहाराची वेळ संपण्यापूर्वी, स्टॉक स्टेटमेंटची स्वाक्षरी केलेली कागदी प्रत शाखेत द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का व स्वीकारणाऱ्याची स्वाक्षरी घ्यावी. पडद्यावरील त्रुटीच्या मजकुराची छापील प्रत सोबत जोडावी. अधिकाऱ्याने ती प्राप्तीच्या तारखेसह आवक नोंदवहीत घ्यावी, आणि संगणकीय अर्ज नंतर पूर्ण झाला की त्याचा पोच क्रमांक त्याच नोंदीसमोर लिहावा.